हरल्यावर रडू नये

गोंदियात खोली शोधायला निघाले तेव्हा माझ्याजवळ कपड्यांची एक बॅग होती आणि पाठ केलेलं एक भाषण. भाषण घरमालकांसाठी होतं. घरमालक आधी नाव विचारतात. मग पूर्ण नाव. त्यावरूनही अंदाज आला नाही तर गाव, आणि गावात घर कोणत्या बाजूला, हे सहज विचारल्यासारखं विचारतात. आडनाव सांगितल्याबरोबर 'कालच गेलेल्या' खोल्या मी पुरेशा पाहिल्या होत्या. शहराला लागून असलेल्या कुडव्यातल्या त्या दाराशी गेले ती ठरवूनच, की प्रश्न आला की भाषण करायचं आणि रस्त्यावर ऐकू जाईल एवढ्या आवाजात करायचं.

दार एका उंच, जरा वाकलेल्या माणसाने उघडलं. अंगात बनियन, खाली फुलपँट. त्याने माझ्याकडे नाही, माझ्या बॅगेकडे पाहिलं.

"इस्तरी हाये काय त्याच्यात?"

"नाही."

"गिझर? मिक्सर? पाणी तापवाची कांडी?"

"नाही."

"मंग ये. खोली वर हाये."

भाषणाचा प्रश्न आलाच नाही. मी तिथे उभी राहून पूर्ण नाव सांगितलं, गाव सांगितलं, आम्ही बौद्ध आहोत हे सांगितलं, आणि हरकत असेल तर आत्ताच बोला, असंही सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. "हरकत हाये न," तो म्हणाला. "पंखा तीन नंबरच्या वर करायचा नाई."

आतून त्याच्या बायकोचा, म्हणजे काकूंचा, आवाज आला, "येऊ द्या तिले. तुमचा हमाल काई पंख्यानं मरत नाई."

असे मला काका मिळाले. आणि हमालही.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. आमच्या घरी पाहुण्याला चहाच्या आधी पत्रक मिळायचं. वडील सायकलच्या कॅरिअरला गठ्ठा बांधून गावोगाव वाटत फिरायचे. मी अक्षरं शिकले ती 'जाहीर निषेध' या दोन शब्दांवरून. त्यामुळे माणूस पाहिला की तो कोणत्या बाजूचा, हे ठरवायची मला सवय होती. काका कोणत्या बाजूचे, ते मला आजतागायत ठरवता आलेलं नाही.

एके काळी बाजाराच्या गल्लीत काकांचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. शाळा बुडवून पोरं तिथे बाकावर रांगेने बसायची. पुढे घरोघरी कॉम्प्युटर आले, मग हाताहातांत मोबाइल आले आणि दुकान बंद पडलं. काकांनी बाकीचे टीव्ही विकले, एक ठेवला. कॅसेटी मात्र एकही विकली नाही. काकूंच्या जुन्या लुगड्यांत गुंडाळून लोखंडी ट्रंकेत भरल्या. दुकान चालवताना त्यांना स्वतःला खेळायला कधी मिळालं नव्हतं, गिऱ्हाईकच उठत नसे. म्हातारपणी त्यांनी ट्रंक उघडली आणि एकेक कॅसेट शेवटापर्यंत खेळून संपवायला घेतली. संपली की तिच्यावर हळदीचं बोट लावायचं आणि ट्रंकेच्या दुसऱ्या कप्प्यात ठेवायचं. मी राहायला गेले तेव्हा पहिल्या कप्प्यात काहीच उरलं नव्हतं. एकच कॅसेट हळदीवाचून होती आणि ती मशीनमध्ये लावलेली होती.

तिच्यावरची अक्षरं परदेशी होती, ती कुणालाच वाचता येत नसत. पोरांनी तिचं नाव 'हमाल' ठेवलं होतं. निळ्या टोपीचा एक बुटका माणूस गोदामात शिरतो. गोदामात पेट्या पडलेल्या असतात. प्रत्येक पेटी ठरलेल्या खुणेवर नेऊन ठेवायची. पेटी फक्त ढकलता येते, ओढता येत नाही. एकदा कोपऱ्यात गेली की ती जन्माची तिथेच, आणि ते गोदाम पुन्हा पहिल्यापासून. एक गोदाम संपलं की पुढचं, त्याहून कठीण. मला पहिल्यांदा वाटलं, चला, हा खेळ तरी आपल्या बाजूचा आहे. मग लक्षात आलं की हमालाला कुठेच मजुरी मिळत नाही, जेवणाची सुट्टीही नाही. तसं मी काकांना बोलून दाखवलं.

"युनियन बनव त्याची," काका म्हणाले. "पण आधी पेटी ढकलू दे."

या कॅसेटीत खेळ राखून ठेवायची सोय नव्हती. वीज गेली की हमाल परत पहिल्या गोदामात. म्हणून काका मशीन बंदच करत नसत. टीव्ही बंद, पण मशीन चालू, हमाल शेवटच्या गोदामात टोपी घालून उभा. मशीनला इन्व्हर्टर, आणि ती तापू नये म्हणून तिच्यासमोर एक छोटा टेबलफॅन, जो उन्हाळ्यातही काकूंना मिळत नसे. घरात इस्तरी चालत नसे कारण इस्तरीने फ्यूज उडतो. काकूंनी लग्नातला मिक्सर बहिणीकडे नेऊन ठेवला होता आणि चटणी वाटायची असली की बहिणीकडे जात.

एवढं करूनही वीज दगा द्यायचीच. मग काका सकाळी बसायचे आणि पहिल्यापासूनची सगळी गोदामं रिकामी करत दुपारपर्यंत शेवटच्यात पोचायचे. ती त्यांना इतकी पाठ होती की हात आपोआप चालायचे आणि तोंड दूधवाल्याशी भांडत असायचं. शेवटच्या गोदामात आले की मात्र दूधवाल्याला हाताने गप्प करायचे.

आता टीव्हीबद्दल सांगायला हवं. तो मागे लांब पोट असलेला जुना डबा टीव्ही होता आणि काकांनी त्याला सुताराकडून लाकडी पेटी करून घेतली होती. पेटीवर, काचेच्या उजव्या कडेला, वरपासून खालपर्यंत चार बोटं रुंद फळी ठोकलेली होती. पोरांनी काचेला हात लावू नये म्हणून ठोकली, असं काका सांगत. फळीवर पांढऱ्या रंगाने उभ्या ओळींत लिहिलं होतं: बटन जोरात दाबू नये. हरल्यावर रडू नये.

फळीमागे चित्राची उजवी कड झाकली जायची. त्याचं कुणाला काही वाटत नसे, कारण हमालाच्या प्रत्येक गोदामात उजव्या कडेला नुसती भिंतच असते, असं सगळे धरून चालत. फक्त शेवटच्या गोदामात एखादी पेटी जास्त जोराने उजवीकडे ढकलली गेली तर ती फळीखाली शिरून दिसेनाशी व्हायची. तिथपर्यंत पोचणारी पोरं थोडीच. त्यांच्यासाठी काकांनी दुकानात कायदा केला होता: पेटी फळीखाली गेली की मेली. डाव संपला, उठा, पुढचा बसू द्या. आणि हा कायदा ते आता, घरात, एकटे खेळतानाही पाळत होते. पेटी फळीखाली गेली की स्वतःच उठायचे आणि थोडा वेळ अंगणात जाऊन यायचे.

कायदा पाळणारा माणूस म्हणून काकांची कीर्ती होती असं मात्र कुणी समजू नये. ते बसमध्ये पंचाहत्तरचे असत आणि लग्नात पंचावन्नचे. कंडक्टर आला की त्यांचा उजवा हात थरथरायला लागे, उतरलं की थांबे. काकूंशी कॅरम खेळताना सोंगटी कोपराने सरकवत. नागझिऱ्यात वाघाने आपल्याला पाहून रस्ता सोडला, ही गोष्ट ते इतक्या जणांना सांगून बसले होते की सांगताना स्वतःलाच जरा भीती वाटल्यासारखं दिसायचं. मी एकदा रागावून म्हटलं, काका, तुम्ही दिवसातून एक तरी गोष्ट खरी बोलता का. त्यांनी विचार केला आणि टीव्हीकडे बोट दाखवलं. "त्याच्यात नाई खोटं करत मी."

ते खरं होतं. मोबाइलवर शोधलं तर असल्या जुन्या खेळांची उत्तरं मिळतात, हे मी त्यांना पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. ज्ञान सगळ्यांचं असतं, ते लपवणं हाच अन्याय, वगैरे. काकांनी माझ्याकडून शपथच घेतली.

"कोणाची शपथ घालू तुले? तुमच्यात देव नाई."

"खरं बोलणाऱ्याला शपथ लागत नाही."

"मंग पत्रकाची घे."

मी पत्रकाची शपथ घेतली: शेवटचं गोदाम कसं सुटतं ते तोंडाने सांगणार नाही, मोबाइलवर दाखवणार नाही, कागदावर काढून देणार नाही. तेव्हा ते उत्तर मलाही ठाऊक नव्हतं, त्यामुळे शपथ स्वस्तात पडली.

हे एवढं कशासाठी, ते मला चौकीत कळलं.

त्याचं असं झालं की आमच्या भागातल्या सार्वजनिक अभ्यासिकेला कुलूप लागलं होतं. का लागलं, ते कोणी सांगत नव्हतं. मी पत्रक लिहिलं, 'अभ्यासिकेचं कुलूप काढा', छापून आणलं आणि गठ्ठा जिन्याखाली ठेवला. काकांना गोदामाचे नकाशे काढायला कागद लागायचे आणि माझ्या पत्रकांची मागची बाजू कोरी होती. ते गठ्ठ्याच्या मधूनच कागद ओढायचे आणि काम झालं की परत मध्येच खोचून ठेवायचे, म्हणजे गठ्ठा कमी दिसू नये. चोरीतही त्यांची ही अशी शिस्त.

मी चौकात पत्रकं वाटत होते. थोड्या वेळाने एक पोलीस शिपाई पत्रक उलटं धरून माझ्यासमोर उभा राहिला. मागे चौकोन होते, बाण होते आणि काकांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'माणूस भिंतीआड ठेवा. उजवीकडून घेरा. दोन पेट्या मागे सोडा. घाई केल्यास सगळे अडकतील.'

"ये नक्शा काहे का है?" त्याने विचारलं.

आमच्या जिल्ह्यात जंगल आहे, आणि जंगलाच्या जिल्ह्यात असा प्रश्न गमतीने विचारत नाहीत. मी घटनेने दिलेल्या हक्कांबद्दल बोलायला सुरुवात केली. त्याने शांतपणे मला चौकीत नेऊन बाकावर बसवलं आणि पाणी दिलं. मी पाणी नाकारलं. मग घरमालकाला फोन लावला गेला.

काका स्कूटरवर आले. हात थरथरत होता, म्हणजे तयारीने आले होते. टेबलावरचा कागद पाहिला आणि थरथर थांबली. "अरे, हे तं माया हमालाचं गोदाम हाये," असं म्हणून त्यांनी शिपायाच्या पेपरवेटला पेटी केलं, पेनाला हमाल केलं आणि सगळं समजावून सांगायला लागले. शिपाई आधी ऐकत होता, मग वाकून पाहायला लागला, आणि मग त्याने काकांच्या तोंडाकडे नीट पाहिलं.

"बाजारगल्लीतले काका न तुम्ही? म्हणजे ते खोटी कॅसेट अजून हाये तुमच्याजवळ?"

काकांचा हात पेनावरच राहिला.

शिपाई हसत होता. वाईट नव्हता तो. त्याने मला सांगितलं की गल्लीतल्या सगळ्या पोट्ट्यांना माहीत होतं, ती कॅसेट नकली आहे, तिचं शेवटचं गोदाम सुटतच नाही. पोरं जास्त वेळ बसावी म्हणून काकांनी मुद्दाम आणून ठेवली होती. "मी एकदा पोचलो होतो तिथंवर," तो म्हणाला. "जमतच आलं होतं. पेटी फळीखाली गेली अन् काकांनं उठवलं. मी लय रडलो. तं यांनी काय केलं माहीत हाये? फळीवर बोट ठेवलं. हरल्यावर रडू नये."

त्याने मला सोडलं, पत्रकंही परत दिली. आम्ही घरी आलो. ज्या माणसाला बसमधले सगळे कंडक्टर लबाड म्हणून ओळखत आणि ज्याने त्याचं कधी मनावर घेतलं नाही, तो स्कूटर लावून ओट्यावर बसून राहिला. काकूंनी मला खुणेने आत बोलावलं. म्हणाल्या, 'खोटी कॅसेट' हा शब्द ते बाजारात गेले की कोणी ना कोणी टाकतंच. पानठेल्यावर टाकतात, लग्नात टाकतात. पोरं आता बाप झाली तरी विसरली नाहीत. "बाकीच्याचं त्याईले काई नाई. पण कॅसेट खोटी नव्हती, असं म्हणतेत. ते गोदाम एक डाव सुटलं की झालं."

त्यात टीव्हीची पिक्चर ट्यूब गेली. म्हणजे जाऊ लागली. चित्र दर आठवड्याला फिकं होत चाललं. दुरुस्तीवाला येऊन पाहून गेला आणि म्हणाला, असली ट्यूब आता कुठे मिळत नाही, चालते तोवर चालवा. मी म्हटलं, नवीन टीव्ही लावू. काका म्हणाले, ज्या टीव्हीवर खोटा ठरलो त्याच्यावरच खरा ठरीन, नाहीतर लोक म्हणतील नव्या टीव्हीत काहीतरी केलं. हा हट्ट मला समजला. मीही असाच हट्ट धरला असता.

त्या रविवारी मी माझ्या खोलीत दार लावून मोबाइलवर शोधलं. शपथ सांगायची नाही अशी होती, पाहायची नाही अशी नव्हती. कुठल्या तरी दूरच्या देशातला एक माणूस आमचाच हमाल खेळत होता. शेवटच्या गोदामात तो आला आणि मी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. त्याच्या गोदामात उजव्या कडेला भिंत नव्हतीच. एक अरुंद गल्ली होती. त्याने पेटी उजवीकडे ढकलली, गल्लीत नेली, खाली उतरवली आणि दुसऱ्या दाराने परत आत आणली. काकांच्या टीव्हीवर ती गल्ली बरोब्बर फळीखाली येत होती.

कॅसेट खरी होती. सुटणारी होती. अडलं होतं ते फळीपाशी आणि फळीच्या कायद्यापाशी, आणि दोन्ही काकांनीच ठोकलेले होते. इतकी पोरं त्या कायद्याने उठली आणि कोणी म्हटलं नाही की काका, जरा फळी काढून पाहू. मी आयुष्यभर हेच तर लिहीत आले होते, की माणसाने ठोकलेल्या फळीला लोक भिंत समजतात. आणि आता लिहिता येत नव्हतं, कारण पत्रकाची शपथ होती.

दोन दिवस मी खाली-वर करत राहिले. तिसऱ्या दिवशी सुचलं. मला उत्तर सांगायची बंदी होती, आंदोलन करायची नव्हती.

सकाळी काकांच्या दारावर पत्रक चिकटलेलं होतं: 'जाहीर मागणी. टीव्हीवरील फळी तत्काळ काढण्यात यावी. हरलेल्याला रडण्याचा हक्क आहे. ज्या फळीने या शहरातील लेकरांचे अश्रू अडवले, तिला या घरात जागा नाही. मागणी मान्य होईपर्यंत भाडेकरू काकूंच्या हातचा चहा घेणार नाही.'

काका चष्मा लावून वाचत होते. काकू जास्त दुखावल्या. "माया चाहानं तुयं काय केलं वं?"

संध्याकाळी माझ्या पत्रकाखाली दुसरा कागद चिकटला होता, काकांच्या अक्षरातला: 'मागणी फेटाळण्यात येत आहे. तसेच भाडेकरूने पंखा चार नंबरवर केला असून त्याचा आवाज खाली येतो.'

मी दुसरं पत्रक लावलं. त्यांनी दुसरं उत्तर लावलं. दारावर जागा उरली नाही तेव्हा आम्ही खिडकीवर गेलो. दूधवाला आता भांडायचा सोडून वाचत उभा राहायचा. मी जिन्यात बसून घोषणा द्यायचे, काका आतून टीव्हीचा आवाज मोठा करायचे. पण फळीला हात लावू देईनात. मला कळेना, की एका जुन्या फळीत या माणसाचा जीव का अडकावा. पोरं तर आता येत नव्हती काचेला हात लावायला.

ते काकूंनी फोडलं. त्यांना दुपारच्या चहाला सोबत लागायची आणि आंदोलनाने त्यांचाच बळी जात होता. भाकऱ्या टाकता टाकता त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "सांगून टाका न तिले, कायले ठोकली ते. नाई तं मी सांगतो."

काका टीव्हीकडे पाहत राहिले. काकूंनीच सांगितलं. दुकानाच्या सुरुवातीला काकांनी आवाज मोठा यावा म्हणून टीव्हीला चिकटून मोठा स्पीकर ठेवला होता. स्पीकरच्या चुंबकाने काचेची उजवी कड जांभळी झाली. पोरं म्हणायला लागली, टीव्ही बिघडला आहे, भाव कमी करा. काकांनी भाव कमी केला नाही. फळी ठोकली. वरून नियम लिहिले म्हणजे ती शोभेल.

"एवढंच?" मी म्हटलं.

"जांभळं हाये," काका पुटपुटले. "अजून हाये खाली. तुले कायले दाखवू?"

काकू आत गेल्या आणि उलथणं घेऊन आल्या. काका उठून उभे राहिले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की मशीन चालू आहे, हमाल शेवटच्या गोदामात आहे, आणि झटापट झाली तर सगळं परत पहिल्यापासून. ट्यूबमध्ये आता तेवढा जीव नव्हता. म्हणून जो माणूस फळी वाचवायला उठला होता, त्यालाच टीव्हीची पेटी दोन्ही हातांनी घट्ट धरून उभं राहावं लागलं, आणि काकूंनी उलथण्याने एकेक खिळा वर काढला. खिळे गंजलेले होते, कुरकुरत निघाले. फळी हातात आली. काकूंनी ती पदराने पुसली आणि भिंतीला टेकवली.

खाली खरंच जांभळं होतं. पिकलेल्या जांभळासारखं गडद, आणि त्या जांभळात एक अरुंद गल्ली, वरून खाली.

काका वाकून काचेजवळ गेले. मग खुर्ची पुढे ओढून बसले, खेळाचा रिमोट हातात घेतला आणि उजवीकडच्या पेटीमागे हमाल आणून उभा केला. बोट बटनावर होतं, पण दाबत नव्हते. ते आपल्याच कायद्यापुढे थांबले होते. काकू म्हणाल्या, "ढकला."

पेटी जांभळ्यात गेली. मेली नाही. गल्लीतून खाली उतरली, वळली आणि खालच्या दाराने परत उजेडात आली. त्यानंतर त्यांना माझी, मोबाइलची, कुणाचीच गरज नव्हती. बाकीचं गोदाम त्यांना अंगणाइतकं ओळखीचं होतं. काकूंनी खिडक्या लावून घेतल्या, म्हणजे फिकं चित्र जरा दिसावं. तव्यावरची भाकरी जळाल्याचा वास आला, तरी कोणी उठलं नाही.

शेवटची पेटी खुणेवर बसली. मी दिवे, फटाके, सनई, काहीतरी होईल म्हणून वाट पाहत होते. तसं काही झालं नाही. हमालाने टोपी काढली आणि तो पेटीवर बसला. एवढंच. सगळ्या खेळात तो पहिल्यांदाच बसला होता. खाली परदेशी अक्षरांची एक ओळ आली, ती काय म्हणत होती ते आम्हाला कधी कळणार नाही.

काकांनी चष्मा काढला आणि बनियनने पुसायला लागले, बराच वेळ. काकूंनी भिंतीला टेकवलेल्या फळीकडे पाहिलं. "हरल्यावरचं लिवलं हाये," त्या म्हणाल्या. "जिंकल्यावरचं काई लिवलं नाई."

काका माझ्याकडे वळले. "तुले मालूम होतं."

"मी काही सांगितलं नाही."

"पत्रकवाले लय बदमाश राहतेत," ते म्हणाले. आणि काकूंना म्हणाले, हिला चहा दे.

त्या दिवशी ते पानठेल्यावर जाऊन मिरवतील असं मला वाटलं होतं. ते गेले नाहीत. कॅसेटीला हळदही लावली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जिना चढून माझ्या खोलीच्या दाराशी आले. आजवर ते कधी वर आले नव्हते. पंख्याचा नंबर पाहायचा म्हणून आले असतील, असं समजून मी आधीच तो कमी केला.

"कॅसेट खरी निंगाली," ते म्हणाले. "मंग खोटा कोन?"

मी खुर्ची पुढे केली. भाषण करायची एवढी चांगली संधी मी त्याआधी कधी सोडली नव्हती.

"एक पत्रक लिव," काका म्हणाले. "माया इरोधात."

मी लिहिलं. म्हणजे त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं: 'हमाल कॅसेट खरी होती. शेवटचं गोदाम सुटतं. पेटी फळीखाली मरत नव्हती. फळी मी ठोकली होती, कारण टीव्ही जांभळा झाला होता.' मी 'दिलगीर आहे' असं घालायला सुचवलं. त्यांनी नको म्हटलं, पोट्टे माथ्यावर बसतील. मग जिना अर्धा उतरून परत वर आले आणि म्हणाले, घाल. मागच्या कोऱ्या बाजूला त्यांनी स्वतः शेवटच्या गोदामाचा नकाशा काढून दिला, गल्लीसकट. माझं कुठलंच पत्रक इतकं लहान नव्हतं. आणि ज्यांच्याविरुद्ध मी आजवर पत्रकं लिहिली, त्यांतल्या कुणीही एकदासुद्धा 'हो, फळी मीच ठोकली' असं म्हटलेलं नाही. अभ्यासिकेला अजून कुलूप आहे.

वाटायला काका स्वतः चौकात उभे राहिले. पहिलं पत्रक त्यांनी त्या शिपायाला दिलं. त्याने वाचलं, उलटून नकाशा पाहिला, गल्लीवरून बोट फिरवलं. बोट खालच्या दाराशी येऊन थांबलं.

"म्हणजे मी त्या दिवशी जिंकून राहिलो होतो?"

"जिंकून राहिला होता," काका म्हणाले. "मीच उठवलं."

शिपायाने पत्रकाची घडी केली आणि वर्दीच्या खिशात ठेवली. पलीकडून एक ट्रॅक्टर उलट्या बाजूने आला तरी त्याने शिट्टी वाजवली नाही. मग म्हणाला, "तं मग माझी पाळी बाकी हाये."

तो सुट्टीच्या दिवशी आला, साध्या कपड्यांत. बूट दारात काढले. काकांनी त्या दिवशी सकाळपासून बसून सगळी गोदामं रिकामी केली होती आणि हमालाला नेमकं तिथे आणून उभं केलं होतं जिथून या माणसाला एकदा उठवलं होतं. खुर्ची बाजूला सारून जुना बाक मांडला होता. शिपाई बाकावर बसला, आणि इतक्या मोठ्या माणसाचे गुडघे लहान मुलासारखे हनुवटीपर्यंत आले. काका पाठीमागे हात बांधून उभे राहिले, दुकानात राहत असतील तसे. मला विचारलं, वर काही लावलं तर नाही ना. मी म्हटलं, पंखासुद्धा नाही.

त्याने पेटी जांभळ्यात ढकलली. खाली उतरवली. वळवली. खालच्या दाराने आत आणली. काका, काकू आणि मी, तिघंही पुढे वाकलो. आणि मग आनंदाच्या भरात त्याने बटन जोरात दाबलं, पेटी एक घर जास्त सरकली आणि कोपऱ्यात जाऊन बसली. जन्माची.

त्याने बटनावरचं बोट उचललं. शिपायाची नजर सवयीने काचेच्या उजव्या कडेला गेली. तिथे चार खिळ्यांची भोकं होती.

"रडायचं असन तं रडून घे, बाबू," काका म्हणाले. "फळी निंगाली."